बिशप आनास्तासियोंचं खेचर

दुबईत मी तासभर खेचर होतो. वय एक्याऐंशी, डोक्यावर पुठ्ठ्याचे दोन कान आणि मागे शेपटी म्हणून सुनेच्या गाऊनचा पट्टा. म्हातारा हौसेनं नटला, असं आमच्या आळीत सांगितलं जातंय. ते खरं नाही. मी तिथं एक गुन्हा कबूल करायला गेलो होतो, कानांचं मागाहून ठरलं. जे दुबईला गेले नाहीत त्यांना उंच इमारतींची माहिती माझ्याकडून मिळणार नाही. त्या मी गाडीच्या काचेतून, मान मोडून, अर्ध्याच पाहिल्या. बाकीचं सगळं सांगतो.

आधी गुन्हा. मी वसईत मराठी शाळेत मास्तर होतो. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या फादरांनी मला एक जुनी इंग्रजी पुस्तिका दिली. बिशप आनास्तासियो नावाच्या स्पॅनिश मिशनऱ्याचं ते चरित्र. हा माणूस स्पेनमधून निघाला, मेक्सिकोमार्गे जहाजानं फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावर पोचला आणि तिथं बिशप झाला. बेटावरची भाषा शिकला, दगडी पूल बांधला, शाळा काढली, स्पॅनिश गव्हर्नरशी भांडला आणि शेवटी तापानं गेला. फादर म्हणाले, "मास्तर, सणाच्या आत बत्तीस पानं मराठीत करून द्या. मुलांना कळेल असं."

घोळ झाला तो एका परिच्छेदात. पुस्तिकेत लिहिलं होतं, की बेटावर रस्ते नव्हते, नुसता डोंगर आणि चिखल. म्हणून बिशपांना खुर्चीत बसवून बेटावरची आठ माणसं खांद्यावरून गावोगाव नेत. वीस वर्षं तीच आठ. खाली त्या आठांची नावं होती. एकेक नाव असं, की मधे थांबून पाणी प्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर छापखान्यात द्यायचा होता. शिवाय एवढा पुण्यवान माणूस दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून फिरायचा, हे मुलांना सांगायला मला बरं वाटेना. मी नावं उतरवायला घेतली, तिसऱ्या नावावर कंटाळलो, खोडलं, आणि लिहिलं: 'बिशपांकडे एक खेचर होतं. त्याचं नाव पेद्रू.'

एक खेचर लिहायला सोपं होतं.

पण बत्तीस पानं भरायची होती आणि पेद्रू एका ओळीत मावेना. मी त्याला हुशार केलं. तो बिशपांच्या आधी जेवायचा. त्यानं तोंड फिरवलं, तर बिशपही त्या अन्नाला शिवत नसत. एकदा तर त्यानं विषारी माशाच्या कालवणापासून बिशपांचा जीव वाचवला. तो खायचा काय? फिलिपिन्समधलं मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तो सुकेळी खायचा. आमच्या आगाशीची, उन्हात वाळवलेली, पानांत बांधलेली राजेळी केळी. स्पेनच्या राज्यातल्या बेटावर आगाशीची सुकेळी कशी पोचली, हे चाळीस वर्षांत मला एकाही मोठ्या माणसानं विचारलं नाही.

लोक बिशपांना विसरले आणि पेद्रूला घेऊन बसले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं पेद्रू होण्यासाठी भांडू लागली. मला 'पेद्रूमास्तर' म्हणू लागली. एकदा मी हे पापनिवेदनात सांगितलं. फादरांनी तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितलं आणि जाळीपलीकडून हळूच विचारलं, "पण मास्तर, पेद्रू शेवटी गेला कशानं?"

खरं फक्त माझ्या बायकोला, तेरेजाला, ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तिनं विचारलं, "त्या आठ जणांचं काय केलंत?" मी म्हटलं, "बघतो." तिला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी बघतच होतो.

मग बावतीसचा फोन आला. बावतीस आमच्याच आळीतला, तीस वर्षं आखातात. तिकडची वसईकर मंडळी दर वर्षी बिशपांचा सण करतात, त्यांचा हा सेक्रेटरी. "मास्तर, यंदा प्रमुख पाहुणे तुम्ही. नाही म्हणायचं नाही. तिकीट काढलंय. खलास." मीही मनात म्हटलं, खलास. माईक हातात आला की सगळं सांगून मोकळं व्हायचं. मूळ पुस्तिका ट्रंकेतून काढली, सुकेळ्यांच्या दोन जुड्यांमध्ये दडपली आणि निघालो.

बुधवार, डिस्कव्हरी गार्डन्स

माझा मुलगा विल्सन इथं राहतो. सगळ्या इमारती सारख्या, बुटक्या, वाळूच्या रंगाच्या. सगळ्या बाल्कन्यांत एक सायकल आणि वाळत घातलेले कपडे. आमच्याकडे घराची खूण सांगताना म्हणतात, फणसाच्या पुढे, जिथं काळं कुत्रं भुंकेल तिथं वळा. इथं फणस नाही आणि कुत्र्यांना भुंकायची परवानगी नसावी.

सकाळी मी विल्सनला गाठलं. म्हटलं, आधी घरात सांगावं. "विल्सन, मला एक सांगायचंय."

"पप्पा, टू मिनिट्स. कॉलवर आहे."

ती दोन मिनिटं मी वसईला परत येईपर्यंत संपली नव्हती.

नात रिया नऊ वर्षांची. तिच्याशी मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं चांगलं जमतं. ती बूट घालता घालता म्हणाली, "आजोबा, म्यूल्स डोन्ट इट ड्राइड बनानाज. आय चेक्ड."

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं.

"सो यू लाइड?"

तेवढ्यात खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी नेमका प्रश्न विचारला होता, आणि बस आली.

दहा वाजता पाय मोकळे करायला गेलो. बागेला दोन फेऱ्या मारून परत आलो, दुसरा मजला, डावीकडचं दार. दार उघडंच होतं. चपला काढल्या, सोफ्यावर बसलो आणि सुनेला हाक मारली, "मिनी, अर्धा कप चहा टाक गं." आतून एक बाई आली. चहाचं पाणी ठेवलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं. ती मिनी नव्हती. सोफाही मिनीचा नव्हता. मी पुढच्या बिल्डिंगमध्ये शिरलो होतो.

"यू आर पेद्रो अंकल!" ती म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

ही मारिसेल. नर्स आहे, मिनीच्याच हॉस्पिटलात. बावतीसनं तिला माझा फोटो पाठवून ठेवला होता, कारण मारिसेल त्याच बेटावरची. बेटच नव्हे, बिशपांचा दगडी पूल आहे त्याच गावची. दोन वर्षांपूर्वी ती बावतीसला चर्चच्या आवारात भेटली, तेव्हापासून तो तिला सणाच्या प्रत्येक बैठकीत पुढच्या खुर्चीवर बसवतो.

तिनं चहा दिला आणि वर जेवायलाच बसवलं. चिंचेचं आंबट सार, त्यात मुळा, भेंडी आणि कोळंबी. आमच्या चिंचेच्या सारासारखंच, फक्त मिरचीशी भांडण झाल्यासारखं. मला फार आवडलं. दुसरी वाटी घेतली. तेव्हा ती इंग्रजीतच म्हणाली, "अंकल, तुम्हाला एक विचारू? पेद्रूबद्दल आमच्या गावात कुणालाच कसं माहीत नाही?"

मी वाटीत बघितलं.

"माझी लोला," म्हणजे आजी, "ब्याण्णव वर्षांची आहे. ती म्हणते, बिशपला माणसं उचलून न्यायची, आणि त्यातला एक आमच्या घरातला. लहानपणापासून ऐकत आले. पण बावतीस सांगतो, तुमच्या पुस्तकात तर खेचर आहे, आणि पुस्तक ते पुस्तक. मी तिला फोनवर सांगितलं, लोला, तुझी काहीतरी गडबड होतेय, खेचर होतं."

"मग?"

"तीन महिने बोलत नाही. व्हिडिओ कॉल घेते, पण फोन खाटेवर उताणा ठेवते. मला नुसता छताचा पंखा दिसतो. आता त्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवरची धूळ माझ्या ओळखीची झालीय."

ती हसली, पण नर्स जशी पेशंटसमोर हसते तशी. मग म्हणाली, की आता सगळं ठीक होणार आहे. मंडळी पेद्रूचा मोठा पुतळा करून घेताहेत. शनिवारी त्याचं अनावरण, सोमवारी तो कंटेनरमध्ये चढेल आणि थेट तिच्या गावच्या चर्चसमोर उभा राहील. "पुतळाच समोर असला की लोलाला पटेल ना, अंकल?"

तोंडात आंबट सार होतं. ते गिळलं, आणि सांगायचं होतं तेही त्याबरोबर गिळलं. विल्सन, रिया, मारिसेल, ह्या तीन माणसांपुढे जे मला बोलता आलं नव्हतं, ते मी शनिवारी तीनशे माणसांत बोलणार होतो. चप्पल घालताना ती मी उलटी घातली आणि तशीच घरापर्यंत नेली.

गुरुवार, शारजा

बावतीस गाडी घेऊन आला. बावतीस गाडी चालवताना फोनवर बोलतो, फोनवर बोलताना माझ्याशी बोलतो, आणि दोन्हींच्या मधे सिग्नलला "यल्ला, हबीबी", म्हणजे चल रे बाबा, म्हणतो. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दुबईचा थाट नाही. गॅरेजं, टायरांचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या, ट्रकखाली झोपलेली माणसं. मला मात्र तिथं बरं वाटलं. निदान एक दुकान दुसऱ्यासारखं नव्हतं.

आम्ही गेलो त्या वर्कशॉपमध्ये मॉलसाठी फायबरच्या वस्तू बनतात. दारातच माणसाएवढी कॉफीची किटली, तिच्यामागे ससाणे, आणि त्यांच्यामागे अकरा उंट ओळीनं. बाराव्या जागी आमचा पेद्रू.

मी खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. कान खेचराचे होते. पाय बरेचसे खेचराचे. पण तोंड! खालचा ओठ लोंबलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नाक वर. एखादा मोठा साहेब माझी रजा नामंजूर करतोय असा भाव.

"आवडला ना, मास्तर?" बावतीसनं विचारलं.

"बावतीस, हे खेचर..."

"बोलूच नका! तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला." आणि त्याला फोन आला.

तो बाहेर गेल्यावर रंग देणारा माणूस जवळ आला. शंकर त्याचं नाव, सांगलीकडचा, जत तालुक्यातला. मराठी ऐकून त्यानं ब्रश खाली ठेवला होता. "गुरुजी, खरं सांगू? म्या खेचर कधी बघितलंच नाय. मालकानं उंटाचा साचा दिला, म्हणला कुबड काप, मान आखूड कर, यल्ला. वठाचं कायतरी करायला पायजे हुतं. पण टाइम नव्हता."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. "मीही कधी बघितलं नव्हतं."

"मग पुस्तकात कसं लिव्हलं?"

"तुझ्यासारखंच. टाइम नव्हता."

तो एवढा हसला, की मालकानं काचेतून डोकावून पाहिलं. मग त्यानं आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी मला जेवायला बसवलं. खुबूस नावाची इथली गोल रोटी, आणि त्यावर गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी. ती रोटी भाकरीसारखी मोडत नाही, लोकरीसारखी ओढावी लागते. माझ्या कवळीनं दोनदा माघार घेतली. शंकरनं मुकाट्यानं तुकडे चहात बुडवून दिले. पुतळ्याच्या मागे भिंतीशी एक वस्तू जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. "ते काय?" मी विचारलं.

"कुबड," शंकर म्हणाला. "टाकवंना. चांगलं जमलं हुतं."

शनिवार, ऊद मेथा

ऊद मेथा भागात भारतीय शाळा आहेत, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा दप्तरं दिसली आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. भाड्याचा हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नेमकी त्या दिवशी बंद. वर गेलो तर वसई अवतरलेली. लाल लुगडी, अबोलीच्या वेण्या, फुग्यांचा म्हणजे आमच्या गोड तळलेल्या पावांचा वास, आणि तीनशे माणसं एकाच वेळी बोलत असलेली.

माझ्या खिशात पुस्तिका होती. बावतीसच्या हातात कान होते.

"हे काय?"

"प्रमुख पाहुणा म्हणजे त्या वर्षीचा पेद्रू, मास्तर. आपली पद्धत आहे. पहिलं ताट पेद्रूपुढे. पेद्रू खाईल तेच लोक खाणार. तोंड फिरवलं, तर पदार्थ बाद." त्यानं बोलता बोलता कान बसवले आणि चिकटपट्टीनं पक्के केले. "आणि आत्तापासून जेवण आटपेपर्यंत पेद्रू बोलत नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. पान एकोणीस. 'पेद्रूच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही.' बोलू नका आता, मास्तर. पोरं बघताहेत."

मी भाषणाची खूण केली.

"भाषण जेवणानंतर. पण जेवणानंतर कुणी थांबत नाही. शारजाचा ट्रॅफिक."

अशा रीतीनं माझ्याच लेखणीनं माझं तोंड बांधलं. विल्सन व्हिडिओ काढत होता. मिनीनं पट्ट्याची शेपटी लावली. रिया माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "नॉट बॅड."

मारिसेल पुढच्या रांगेत होती. तिनं एका स्टँडवर फोन उभा केला होता, लोलाला अनावरण दिसावं म्हणून. फोनच्या पडद्यावर छताचा पंखा संथपणे फिरत होता. तीन पाती, धूळ. मारिसेलनं त्या पंख्याला हात हलवला.

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. पुतळा आला होता. लिफ्ट नाही, म्हणून शंकर आणि त्याचे तीन सोबती तो खांद्यावर घेऊन जिना चढत होते. वळणावर पेद्रूचे मागचे पाय कठड्यात अडकले. "डावीकडं घे! डावीकडं! माझी मान, अरं माझी मान!" पेद्रू तिरका झाला, त्याचा लोंबता ओठ शंकरच्या डोक्यावर टेकला. वरच्या पायरीवर मी कान लावून उभा. खालून चार माणसं एक खेचर वाहून आणताहेत, घामानं शर्ट पाठीला चिकटलेत, आणि खेचर सगळ्यांकडे तुच्छतेनं बघतंय. शंकरची नजर माझ्याकडे गेली. "गुरुजी, जरा सरका," तो म्हणाला.

मी सरकलो. पण मला एकदम तहान लागली.

त्यांनी पुतळा ठेवला, खांदे चोळत दाराबाहेर जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना आत या म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. घंटा वाजली. माझ्यापुढे पहिलं ताट आलं: मटणाचं इंद्याल, पुलाव, फुगे. तीनशे माणसं ताटं हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तोंड फिरवलं.

"अरे देवा, मीठ!" कुणीतरी म्हणालं. इंद्याल गेलं, कोंबडीचा रस्सा आला. मी तोंड फिरवलं. तळलेली सुरमई आली, तिचा वास अजून मला स्वप्नात येतो. तोंड फिरवलं. चौथ्या पदार्थाला पोरं टाळ्या वाजवू लागली, पाचव्याला मोठी माणसं कुजबुजायला लागली, आणि मग आतून आचारी दाऊदभाई डाव घेऊन बाहेर आले. रत्नागिरीकडचे, वर्षानुवर्षं ह्या सणाचं जेवण तेच करतात.

"चाचा, काय झालं हो? माझ्या हातच्या जेवणाला आजवर एकाही खेचरानं नाही म्हटलेलं नाही. खाऊन तर बघा!"

मी बाजूला ठेवलेलं पहिलं, इंद्यालाचं ताट उचललं. सरळ दारापर्यंत चालत गेलो आणि ते शंकरपुढे धरलं. मनाशी योजलेला हा मोठा क्षण होता.

शंकरनं ताटाकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "गुरुजी, आज शनिवार. म्या मटण खात नाय."

हॉलमध्ये जो हशा उठला, त्यात माझा उजवा कान गळून पडला. मी विचार केला, आता खेचर राहण्यात अर्थ नाही. "थांबा," मी म्हटलं.

"पेद्रू बोलत नाही!" बावतीस ओरडला.

"पेद्रू नव्हताच," मी म्हटलं.

शाळेत चाळीस मुलांच्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज काढायची सवय आहे, तो निघाला. मी सगळं सांगितलं. खेचर मी केलं. विषारी मासा मी केला. सुकेळी मी केली. बिशपांना आठ माणसांनी वीस वर्षं खांद्यावर वाहिलं आणि त्यांची नावं लिहायचा मला कंटाळा आला. मारिसेलकडे बघून हेच इंग्रजीत सांगितलं. "तुझी लोला खरं बोलत होती. गडबड माझी होती. बुधवारी तुझ्या घरी सार पिताना मला हे ठाऊक होतं."

दाऊदभाईंनी डाव खाली केला. "मग इतकी वर्षं मी पहिलं ताट कुणासाठी वाढलं हो?"

मी खिशातून पुस्तिका काढली. तिला सुकेळ्यांचा वास येत होता. मारिसेल उठली, स्टँडवरून फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. तिचा चेहरा फोनमागे होता, मला फक्त पंखा दिसत होता. म्हणून मी पंख्याला उद्देशून वाचलं. एकेक नाव, पाणी न पिता. पहिलं. दुसरं. तिसरं, जिथं मी चाळीस वर्षांपूर्वी थांबलो होतो. चौथं, पाचवं, सहावं, सातवं.

आठव्याला थांबलो. ते मला घरीच दिसलं होतं, पण मी स्वतःला सांगितलं होतं, की चष्म्याचा नंबर वाढलाय. तिथं कागदाला कसर लागली होती. नावाचं 'बिसेन्ते', पुढे आडनावाचं 'माग', आणि मग मोहरीएवढं भोक.

"आठवं नाव गेलं," मी म्हटलं. "तेव्हा उतरवलं असतं, तर राहिलं असतं. बिसेन्ते माग... पुढचं आता कुणालाच..."

"तांगोब!"

फोनमधून आला तो आवाज. किनरा, चिडलेला. "मागतांगोब! बिसेन्ते मागतांगोब!"

पंखा हलला. तिरका झाला, घसरला, एक पडदा दिसला, एक कॅलेंडर, आणि मग इतक्या जवळून एक म्हातारा चेहरा, की पडद्यावर नुसता एक डोळा आणि अर्धं नाक मावलं. तो डोळा मारिसेलला शोधत होता. मारिसेलनं फोन स्वतःकडे वळवला, खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. पलीकडून तीन महिन्यांचं साचलेलं बोलणं एकदम सुरू झालं. कितीतरी वेळानं मी विचारलं, "काय म्हणतेय?"

"म्हणतेय, आमचा बिसेन्ते डाव्या खांद्याचा. मागून दुसरा. हे तुमच्या कागदात आहे का, विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. "लिहून घेतो."

"आणि विचारतेय, एक कान पडलेला तो म्हातारा कोण?"

मग मंडळी जेवली. शंकर आणि त्याचे सोबती आत आले. बाकीच्या तिघांना शनिवार नव्हता, त्यांनी इंद्यालाचा फडशा पाडला. शंकरनं फुगे आणि माझ्याजवळची सुकेळी खाल्ली. म्हणाला, "खेचरं खात नसतील तर चुकतंय त्यांचं." बावतीस पुतळ्याखाली डोकं धरून बसला होता. मग म्हणाला, "मास्तर, कंटेनरमध्ये जागा घेऊन ठेवलीय. आणि आता ह्याचं काय करू?"

शंकर तोंड पुसत पुढे आला. "सायेब, कुबड हाय माझ्याकडं. परत बसवून देतो. मॉलला जाईल."

रिया माझ्या शेजारी येऊन बसली. "सो यू डिड लाय."

"हो."

"ओके." तिनं थोडा विचार केला. "कॅन आय हॅव द इयर्स?"

वसई, परत आल्यावर

शंकरनं रविवारी सुट्टी असून आठ नावांची एक फायबरची पाटी केली. पेद्रूच्या जागी सोमवारी ती कंटेनरमध्ये चढली. बावतीसनं कळवलंय, की पुढच्या सणाला पहिली आठ ताटं सामान उचलून आणणाऱ्यांना, आणि कान मुलांना. पेद्रूला सोडायला कुणी तयार नाही. मीही आग्रह धरला नाही. पोटचं आहे.

इथं आमच्या आळीत काही लोक माझ्यावर नाराज आहेत. ऐकू येतं, की म्हाताऱ्याला दुबईचं ऊन लागलं. लागू दे. परवा तेरेजाच्या थडग्यापाशी गेलो आणि आठही नावं मोठ्यानं वाचली. सहाव्यावर खोकला आला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस वर्षांपूर्वी जो परिच्छेद मी खोडला, तो असा होता. बिशप आनास्तासियोंना डोंगर आणि चिखल पार करून गावोगाव नेणारी माणसं: हुआन सुमागायसाय. मातेओ लुमांताद. आंद्रेस कातिगबाक. इसिद्रो पांगिलिनान. तोमास माकापुगाय. लोरेन्सो दिमागिबा. फेलिपे हिनुलुगान. आणि बिसेन्ते मागतांगोब, डावा खांदा, मागून दुसरा.